न्यूटला नवं भिंग येतं, म्हणून तुमचा मोतीबिंदू विरघळत नाही

गेले काही आठवडे ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्यांच्या, इतकंच काय भिशीच्या ग्रुपांवरही एक मेसेज फिरतोय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नौपाड्यात चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे नंबर काढायला खुर्चीत बसलेलं माणूस हनुवटी टेकवायच्या आधी मोबाइल पुढे करतं. "मॅडम, हे बघा जरा. खरं आहे का?"

मेसेज लांबलचक आहे. हात जोडलेली चित्रं आणि उद्गारचिन्हं गाळली तर ऐवज एवढाच उरतो:

"न्यूट नावाच्या प्राण्याचे डोळे काढले तरी महिन्याभरात नवे येतात. शास्त्रज्ञांनी हे 18 वेळा करून पाहिलं. गोगलगायीचा तर अख्खा डोळा परत येतो. माणसातही ही शक्ती होती, केमिकलवाल्या खाण्याने ती झोपली. चीनमध्ये 12 बाळांच्या डोळ्यांत ऑपरेशनशिवाय नवं भिंग उगवलं. सुश्रुतांना हे ठाऊक होतं. मध, कांद्याचा रस आणि गुलाबपाण्याचे थेंब 3 महिने घाला. मोतीबिंदू विरघळेल, पडदा आणि नस नवी होईल. प्लॅस्टिकचं भिंग बसवून घेऊ नका. नेत्रदानाचीही आता गरज नाही. डॉक्टर हे सांगणार नाहीत."

यातला प्राण्यांचा भाग बराचसा खरा आहे. म्हणूनच हा मेसेज नेहमीच्या "गरम पाणी प्या" छापाच्या मेसेजपेक्षा जास्त घातक आहे. कुणी शंका घेऊन शोधायला गेलं तर न्यूट सापडतो, 18 चा आकडा सापडतो, 12 बाळंही सापडतात. आणि मग शेवटच्या चार ओळीही खऱ्याच असणार असं वाटून जातं. तेव्हा एकेक विधान घेऊ. काहींना वेळ लागेल, काही दोन वाक्यांत निघतील.

"न्यूटचे डोळे काढले तरी नवे येतात."

डोळे नव्हे, भिंग. सगळा घोळ इथेच सुरू होतो. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, त्याभोवती पातळ पिशवी असते. बाहुलीभोवतीचं रंगीत कडं म्हणजे आयरिस. सगळ्यात मागे प्रकाश टिपणारा पडदा, ज्याला दृष्टिपटल म्हणतात, आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस. मोतीबिंदू म्हणजे यातलं फक्त भिंग गढूळ होणं. डोळ्यावर वाढलेला तो पापुद्रा नव्हे, हे मला रोज निदान एकदा तरी सांगावं लागतं.

न्यूट हा बेडकांच्या नात्यातला, शेपटीवाला, पाणथळ जागेत राहणारा प्राणी. ठाण्यात किंवा येऊरच्या जंगलात शोधू नका, मिळणार नाही. भारतात त्याचे भाऊबंद पूर्व हिमालयात, दार्जिलिंग-सिक्कीमकडे आहेत. त्याच्या डोळ्यातलं भिंग पिशवीसकट काढलं तरी नवं येतं, हे इटलीत कोलुच्चीने 1891 मध्ये नोंदवलं आणि जर्मनीत गुस्टाव्ह वोल्फने 1895 मध्ये स्वतंत्रपणे. जीवशास्त्रात ही प्रक्रिया वोल्फच्या नावानेच ओळखली जाते.

नवं भिंग येतं कुठून, हा यातला खरा चमत्कार. भिंगाचा कणही मागे उरलेला नसतो. ते येतं आयरिसपासून. आयरिसच्या काठावरच्या रंगीत पेशी आपला रंग टाकतात, आपलं आयरिसपण विसरतात, विभागू लागतात आणि भिंगाच्या पेशी होतात. आणि हे फक्त वरच्या काठावर होतं. खालच्या काठावरच्या पेशी दिसायला तशाच, रंग तोच, पण डोळ्यात त्या आपणहून भिंग बनवत नाहीत. एकाच कड्याचा वरचा भाग हे करतो आणि खालचा करत नाही, यावर शंभरहून जास्त वर्षं प्रयोग चाललेत.

18 चा आकडाही खरा आहे. जपानचे गोरो एगुची आणि अमेरिकेतले पानायोटिस त्सोनिस यांच्या गटाने 2011 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. जपानी न्यूटांची भिंगं 16 वर्षांत 18 वेळा काढली, प्रत्येक वेळी नवी आली. शेवटी ते न्यूट निदान 30 वर्षांचे होते, आणि त्यांची शेवटची भिंगं तरुण न्यूटच्या भिंगांशी ताडून पाहिली तर फरक सापडला नाही. म्हातारपणाने ही क्षमता कमी होत नाही, हा त्या प्रयोगाचा मुद्दा होता. एका प्रश्नासाठी 16 वर्षं न्यूट सांभाळत बसणारी माणसं मला फार आवडतात. त्यांचं काम कांद्याच्या रसाची जाहिरात म्हणून वापरलेलं मात्र आवडत नाही.

न्यूटला दृष्टिपटलही परत येतं, पण वेगळ्या पेशींतून: पडद्यामागच्या रंगीत थरातून. म्हणजे एकाच डोळ्यात भिंगाची सोय वेगळी, पडद्याची वेगळी. "डोळा उगवतो" असं एक वाक्य कुठेच बसत नाही.

जाता जाता, मेसेजसोबतचा फोटो न्यूटचा नाही. गुलाबी, कल्लेवाला, हसऱ्या तोंडाचा तो प्राणी अ‍ॅक्सोलॉटल आहे, मेक्सिकोतला, हल्ली मुलांच्या गेममध्ये आणि खेळण्यांत दिसतो तो. गंमत म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलला तुटलेला पाय आयुष्यभर परत येतो, पण भिंग मात्र अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांतच परत येऊ शकतं. मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलचं भिंग गेलं की गेलं. मेसेज बनवणाऱ्याने फोटोही नेमका चुकीचा निवडला.

"गोगलगायीचा अख्खा डोळा परत येतो."

खरं आहे, आणि इथे "अख्खा" हा शब्दही बरोबर आहे. गोगलगायींचं हे प्रकरण जुनं. 1768 मध्ये इटलीच्या स्पालान्झानीने जाहीर केलं की गोगलगायीचं डोकं कापलं तरी ते पुन्हा येतं. युरोपभर खळबळ माजली. खुद्द व्होल्तेअर या फ्रेंच लेखकाने गोगलगायींची डोकी उडवून पाहिली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण निदान लोक फॉरवर्ड करण्याआधी प्रयोग तरी करायचे.

ताजं संशोधन गोल्डन अ‍ॅपल स्नेल या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीवरचं आहे. अ‍ॅलिस अकॉर्सी आणि आलेहांद्रो सांचेझ अल्वाराडो यांच्या गटाने ते 2025 मध्ये प्रसिद्ध केलं. या गोगलगायीचा डोळा रचनेने बराच आपल्यासारखा: पुढे कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक थर, मग भिंग, मागे पडदा. तो पूर्ण कापला तर साधारण महिन्याभरात सगळे भाग पुन्हा तयार होतात. आपल्या डोळ्याच्या जडणघडणीत जी पॅक्स 6 नावाची जनुक लागते, ती या गोगलगायीलाही लागते. ती बंद केली तर गोगलगाय डोळ्यांविना जन्मते. संशोधकांना तिच्यात रस आहे तो यासाठीच. पण दोन गोष्टी मेसेजमध्ये नाहीत. एक, महिन्याभराने डोळा दिसायला पूर्ण असला तरी जनुकांचं आतलं काम तोवर पूर्ववत झालेलं नव्हतं. दोन, नव्या डोळ्यातून पूर्वीसारखं दिसतं, असं गोगलगायीच्या वागण्यावरून सिद्ध करणं तेव्हा बाकी होतं.

मत्स्यालयाच्या दुकानांत "मिस्टरी स्नेल" म्हणून विकतात ती याच गोतावळ्यातली. तिच्यावर घरी प्रयोग करू नका, एवढीच विनंती. एका आठवीतल्या मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं म्हणून सांगते.

उगवणं म्हणजे हवं तेच उगवणं नव्हे, याचं माझं आवडतं उदाहरण मासळी बाजारातलं आहे. चिंबोरीची नांगी तुटली तर पुढच्या एक-दोन काती टाकल्यावर नवी येते, आधी लहान, मग मोठी. कोळणींना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. याच कुळातल्या कोळंबीसारख्या प्राण्यांचे डोळे देठांवर असतात. कुर्ट हर्ब्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते देठ कापून पाहिले. देठातला मज्जातंतूंचा गोळा शिल्लक ठेवला तर डोळा परत आला. गोळ्यासकट देठ काढला तर त्या जागी डोळ्याऐवजी मिशी उगवली. हो, मिशी, अँटेना. शरीराकडे उगवण्याची ताकद होती, पण काय उगवायचं हे सांगणारा गोळा गेला होता.

"माणसातही ही शक्ती होती, केमिकलने झोपली."

आफ्रिकी पंजेवाल्या बेडकाच्या पिल्लाला, म्हणजे भैरोटाला, कॉर्नियापासून नवं भिंग बनवता येतं. मोठा बेडूक झाल्यावर ते संपतं. कोंबडीच्या गर्भाला अंड्यात चौथ्या दिवसाच्या आसपास, योग्य वाढघटक पुरवला तर, दृष्टिपटल पुन्हा तयार करता येतं. नंतर नाही. बेडूक वेफर्स खात नाही आणि अंड्यातलं पिल्लू कोल्ड्रिंक पीत नाही. बऱ्याच प्राण्यांमध्ये ही क्षमता वयाबरोबर आपोआप मिटते, आणि सस्तन प्राण्यांत ती कारखाने येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून इतकी तोकडी आहे.

"चीनमध्ये 12 बाळांच्या डोळ्यांत ऑपरेशनशिवाय नवं भिंग उगवलं."

इथे जरा थांबते, कारण याच मुद्द्यावर शिकलेली माणसं गडबडतात.

12 बाळं खरी आहेत. ग्वांगझूच्या सुन यात-सेन विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञांनी, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत, 2016 मध्ये "नेचर"मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. सगळी 2 वर्षांच्या आतली, जन्मतःच मोतीबिंदू असलेली. आणि त्या प्रत्येकाचं ऑपरेशन झालं होतं! नावीन्य होतं ते ऑपरेशनच्या पद्धतीत. नेहमी भिंगाच्या पिशवीला पुढून मधोमध सुमारे 6 मिलिमीटरचं भोक पाडतात. त्यांनी कडेला 1 ते 1.5 मिलिमीटरची छोटी फट पाडली, तिच्यातून गढूळ भिंग काढलं आणि पिशवीच्या आतलं पेशींचं अस्तर जास्तीत जास्त शाबूत ठेवलं. त्या अस्तरातून काही महिन्यांत पारदर्शक भिंगासारखी रचना वाढली, असा त्यांचा दावा होता. 2018 मध्ये त्याच नियतकालिकात इतर नेत्रतज्ज्ञांनी या निष्कर्षांवर आक्षेप छापले. वाद असा चारचौघांत होतो, हे विज्ञानाचं बलस्थान आहे. पण वादाच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: ही तान्ह्या मुलांची गोष्ट आहे. सत्तरीतल्या डोळ्याला ती लावता येत नाही.

का नाही? कारण सत्तरीतल्या डोळ्यातही भिंग पुन्हा वाढवायचा प्रयत्न होतोच. आणि तोच त्रास देतो.

मोतीबिंदू काढताना पिशवी जागेवर ठेवतात, कारण कृत्रिम भिंग तिच्यातच बसवायचं असतं. पिशवीच्या आतले काही पेशी-कण कितीही साफ केले तरी उरतात. बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांनी, काहींमध्ये वर्षांनी, त्या पेशी वाढायला लागतात. पिशवीच्या मागच्या भिंतीवर पसरतात आणि भिंगाचे तंतू बनवायची धडपड करतात. जमत नाही. माणूस येऊन सांगतो, "मॅडम, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं, पुन्हा मोतीबिंदू आला. डॉक्टरने नीट केलं नाही." बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, मागून परतणाऱ्या लालसर उजेडात, की कृत्रिम भिंग स्वच्छ दिसतं आणि त्याच्या मागे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल, अर्धपारदर्शक मणी चिकटून बसलेले दिसतात. काही सुटे, काही घोसाने. त्यांना एल्शनिगचे मणी म्हणतात. ते आहेत तुमच्या शरीराने उगवलेल्या भिंगाचे तुकडे. पेशी फुगल्या, आकार आला, पण ओळ लागली नाही, पारदर्शकता आली नाही. याग लेझरने मागच्या भिंतीत मधोमध खिडकी पाडली की पुन्हा लख्ख दिसतं. काही मिनिटांचं काम, चीर नाही, टाका नाही.

तेव्हा "माणसाचं भिंग उगवतच नाही" असं मीही म्हणणार नाही. सशांवरचे असे प्रयोग फ्रान्समध्ये 1820 च्या दशकातच झाले होते: पिशवी ठेवली तर भिंगासारखं काहीतरी वाढतं. पण न्यूटला पिशवीची गरज नसते, तो आयरिसपासून सगळं नव्याने करतो. आपण उरलेल्या अस्तरातून वेडंवाकडं काहीतरी वाढवतो. ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांना एकाच वाक्यात बसवणारा मेसेज वाचताना मला माझे साबुदाणे आठवतात.

"सुश्रुतांना हे ठाऊक होतं."

सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, आणि त्या काळाच्या मानाने थक्क करणारी आहे. यवाच्या, म्हणजे जवाच्या दाण्याच्या, टोकासारखी शलाका (बारीक सळई) घेऊन डोळ्याच्या बाजूने आत शिरायचं, दृष्टी अडवणारा दोष दूर सारायचा, रुग्णाला दिसू लागलं की शलाका काढायची, तुपात भिजवलेला कापूस ठेवून पट्टी बांधायची, आणि मग रुग्णाने शिंक, खोकला, ढेकर आवरायचे. हे हत्याराचं काम आहे. त्यात भिंग विरघळत नाही आणि नवंही उगवत नाही. ज्या वैद्याने एवढ्या बारकाईने शस्त्रक्रिया लिहून ठेवली, त्याचं नाव "ऑपरेशन करू नका" म्हणणाऱ्या मेसेजखाली लावायचं, याला काय म्हणावं!

"थेंब घाला, मोतीबिंदू विरघळेल."

भिंगाच्या मधोमध असलेले तंतू तुमच्या जन्माआधी तयार झालेले असतात. त्यांच्यात केंद्रक नसतं, दुरुस्तीची यंत्रणा जवळजवळ नसते, त्यांच्यातली प्रथिनं बदलली जात नाहीत. नवे तंतू बाहेरून आयुष्यभर चढत राहतात, जुने आतच राहतात. सत्तर वर्षं ऊन, साखर आणि वय यांनी ती प्रथिनं एकमेकांना चिकटली की भिंग पिवळं, मग तपकिरी होतं.

ही चिकटलेली प्रथिनं औषधाने सुटतील का, याचा शोध खरोखर झालेला आहे. 2015 मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या रेणूबद्दल "नेचर"मध्येच मोठी बातमी आली होती. सशांच्या भिंगांवर आणि कुत्र्यांवर परिणाम दिसल्याचा दावा होता. त्याच वर्षी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी ऑपरेशनमध्ये काढलेली मोतीबिंदूची भिंगं लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात ठेवून पाहिली. काही फरक पडला नाही. नंतर परदेशातही तेच दिसलं. शुद्ध रेणू थेट भिंगावर ओतून जे जमलं नाही, ते मधाच्या थेंबाने बाहेरून, अश्रूंमधून, कॉर्नियातून वाट काढत जाऊन जमेल, हे मला पटत नाही. मध निर्जंतुक नसतो. कांद्याच्या रसाने पाणी येतं, ते डोळा साफ होतोय म्हणून नव्हे, चुरचुरतंय म्हणून.

डॉक्टरांचं हितसंबंधाचं राजकारण असतं म्हणता? माझंही बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की बहुतेकांचा लांबचा नंबर जवळजवळ जातो, वाचायचा स्वस्त चष्मा तेवढा उरतो. धंद्याच्या हिशेबाने ऑपरेशन झालेलं गिऱ्हाईक मला परवडत नाही. तरी पाठवते.

पाठवते त्याचं कारण कोपरीचे एक आजोबा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशन सांगितलं होतं. त्यांनी थेंबांचा असाच कुठला तरी उपाय धरला आणि येणंच बंद केलं. पुढे एका रात्री डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त. सकाळी त्यांचा मुलगा दुकानात घेऊन आला. डोळा लालभडक, कॉर्निया धुरकट, बाहुली अर्धवट मोठी होऊन अडकलेली, मागे पांढराशुभ्र फुगलेला मोतीबिंदू. फार पिकलेलं भिंग पाणी धरून फुगतं आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद करतं. कधी त्यातली प्रथिनं पाझरून ती वाट तुंबवतात. दाब चढतो, नस दाबली जाते. त्यांना तिथूनच रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. दाब उतरला, मोतीबिंदूही काढला, पण नसेचं जे नुकसान झालं होतं ते झालं. त्या डोळ्याने आता हात हलताना दिसतो, माणूस ओळखू येत नाही. "मोतीबिंदू पिकू द्यावा" हा जुना सल्ला होता, ऑपरेशनची पद्धत जुनी होती तेव्हाचा. आता पिकेपर्यंत थांबायचं कारण नाही. मोतीबिंदू असलेला डोळा लाल होऊन दुखला, सोबत डोकेदुखी-उलटी असली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि "प्लॅस्टिकचं भिंग" म्हणून नाक मुरडायचं असेल तर त्याचा उगम तरी ऐका. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत अ‍ॅक्रिलिकचे तुकडे गेले होते. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते तुकडे आत असूनही डोळा कुरकुर करत नाही. त्यावरून त्यांनी 1949 मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं.

"पडदा आणि नस नवी होईल."

मधुमेहाने पडदा गेलेले आणि काचबिंदूने नस गेलेले लोक या ओळीला सगळ्यात जास्त चिकटतात, म्हणून याच ओळीचा मला राग येतो.

प्राण्यांपैकी इथला नायक झेब्राफिश. मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये त्याचं वर्णन केलं. ठाण्यातल्या कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात निळे-सोनेरी पट्टेवाले हे मासे पिशवीत भरून मिळतात. त्याच्या दृष्टिपटलाला इजा झाली तर म्युलर नावाच्या आधारपेशी जाग्या होतात, विभागतात आणि नव्या प्रकाशग्राही पेशी, नवे चेतातंतू बनवतात. म्युलर पेशी आपल्या पडद्यातही आहेत. पण इजा झाली की त्या व्रण बनवतात. 2017 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टॉम रे यांच्या गटाने प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींमध्ये एक जनुक चालू करून, सोबत एक औषध देऊन, त्यांच्यापासून चेतापेशी बनवून दाखवल्या. मोठी झेप होती. आंधळे उंदीर डोळस झाले, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

माणसांच्या बाबतीत, जपानच्या मासायो ताकाहाशी यांनी 2014 मध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या स्वतःच्या त्वचेच्या पेशींपासून पडद्यामागचा रंगीत थर तयार करून बसवला. तो टिकला, आजार पुढे सरकला नाही. नजर फारशी सुधारली नाही. इतकी वर्षं, एवढी प्रयोगशाळा, आणि बोलणं इतकं मोजून मापून. मेसेजमध्ये मात्र तीन महिन्यांची हमी.

नसेचं तर विचारूच नका. माणसाच्या एका डोळ्यातून सुमारे 10 ते 12 लाख तंतू मेंदूकडे जातात. बेडूक आणि माशांमध्ये कापलेली नस पुन्हा जोडली जाते. रॉजर स्पेरी या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात न्यूट आणि बेडकांची नस कापली आणि सोबत डोळाही खोबणीत उलटा फिरवून ठेवला. नस वाढली, मेंदूपर्यंत पोचली, प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच पत्त्यावर गेला. परिणाम असा की माशी वर असली तर बेडूक खाली झेप घ्यायचा. आणि तो कधीच सुधारला नाही. म्हणजे ज्यांना नस परत येते त्यांच्यातही जोडणी हा वेगळा, त्याहून अवघड प्रश्न आहे. आपल्यात तर कापलेले किंवा दाबाने मेलेले तंतू परत वाढतच नाहीत. काचबिंदूचे थेंब उरलेली नस वाचवतात. हा मेसेज वाचून ते बंद करून मधाचे सुरू केले, तर रोज थोडी थोडी जाईल, आणि जाताना दुखणारही नाही.

"नेत्रदानाची गरज नाही."

नेत्रदानात अख्खा डोळा बसवत नाहीत, कॉर्निया बसवतात. पहिलं यशस्वी रोपण 1905 मध्ये एडुआर्ड त्सिर्म यांनी केलं. कॉर्नियाच्या बाहेरच्या थराबद्दल आपलं शरीर खरंच न्यूटसारखं उदार आहे: नख लागलं, कचरा घासला, तर एक-दोन दिवसांत भरून येतं. त्याच्या मूलपेशी बुबुळाच्या काठावर, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर असतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या डोळ्यात फुटली तर नेमक्या याच जळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत बसवली आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केली: चांगल्या डोळ्याच्या काठाचा एक इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करून भाजलेल्या डोळ्यावर ठेवायचे, थर पुन्हा वाढतो. माणसाच्या डोळ्यात खरोखर काही "उगवतं" याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्या देशात असताना मेसेजवाल्याला ते सापडलं नाही.

पण कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी माणसात विभागत नाहीत. गेल्या की बाजूच्या पसरून जागा भरतात, फार कमी उरल्या की कॉर्निया सुजतो, पांढरा पडतो. त्याला आणि खोलवर व्रण पडलेल्या कॉर्नियाला बहुतेक वेळा दात्याचाच कॉर्निया लागतो.

चष्मा असला, मधुमेह असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नेत्रदान चालतं. वयाची अट नाही. मृत्यूनंतर 6 तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं. पंखा बंद करायचा, एसी असेल तर चालू ठेवायचा. पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीने थोडं उंच करायचं. अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. पथक घरी येतं, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. हा मजकूर ज्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तिथे टाकायला माझी हरकत नाही, नावाशिवाय टाकलात तरी चालेल.